पत्र्याऐवजी फायबरग्लासचे बॉनेट : जुन्या गाड्यांच्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड या तीन गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कुर्ल्याची पद्मिनी बंद होऊन दोन दशके उलटून गेली, उत्तरपाड्याची अँबेसेडर २०१४ मध्ये थांबली, आणि मद्रासला १९६१ पासून बनू लागलेल्या हेराल्डचे सुटे भाग तर आता जुन्या संग्रहांतूनच हाती लागतात. त्यामुळे गंजलेल्या बॉनेटला पर्याय म्हणून फायबरग्लासचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत नुसत्या ‘फायबर’चा, विचार अनेक मालक करतात. तो करण्यात काही गैर नाही. मात्र हे काम दुकानातून आणून चार बोल्ट आवळण्याचे नाही, आणि तसे समजणाऱ्यांचीच निराशा होते.

पत्र्याचे बॉनेट दुरुस्त करावे की फायबरचे नवे बसवावे?

दुरुस्त होण्यासारखे असेल तर पत्र्याचेच ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. ‘दुरुस्त होण्यासारखे’ म्हणजे काय, हे मात्र वरून पाहून कळत नाही. बॉनेट हा एकच पत्रा नसतो. वरच्या पत्र्याची कड आत दुमडून आतल्या सांगाड्यावर बसवलेली असते, आणि पाणी साचते ते नेमके त्या दुमडीत. मुंबईत किंवा कोकणपट्टीत उघड्यावर राहिलेल्या गाडीची ही दुमड आतून पोखरलेली असते आणि वर रंगाला फक्त बारीक फोड दिसतात. बॉनेट उतरवून उलटे ठेवावे, कडेने पेचकस टोचत जावे आणि वरून लोहचुंबक फिरवावे. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे खाली पत्रा उरलेला नसून लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, थर आहे असे समजावे. मधल्या भागात एकदोन भोके असतील तर चांगला डेंटर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडू शकतो. कडा, आतला सांगाडा आणि बिजागरीच्या जागा असे तिन्ही गेले असेल, तर मात्र दुरुस्तीचा खर्च आणि ताप दोन्ही वाया जातात. अशा वेळी फायबरचा पर्याय योग्य ठरतो.

फायबरमुळे गाडीचे वजन किती कमी होते?

अपेक्षेपेक्षा कमी, आणि कधीकधी मुळीच नाही. साधा हिशेब करून पाहावा. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम असते, म्हणून ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर साधारण ७ किलो भरतो. मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून हाताने थापलेल्या फायबरग्लासची घनता १.५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा तेवढाच तुकडा साडेचार किलोचा होतो. पण कारागिराने ‘मजबूत करतो’ म्हणून ५ मिलिमीटरचे थर चढवले, तर वजन साडेसात किलोवर जाते आणि पत्र्यालाही मागे टाकते. बाजारात हाताने थापलेली जी बॉनेटे दिसतात, त्यांतली बरीच या दुसऱ्या प्रकारची असतात. केवळ वजनासाठी हा खटाटोप करणाऱ्याने आधी वजनकाटा आणावा.

मग तीन मिलिमीटरचे बॉनेट लवचीक होणार नाही का?

सामग्री म्हणून पाहिले तर फायबरग्लास पोलादाच्या मानाने फारच मऊ आहे. पोलादाचा ताठरपणा २०० गिगापास्कल मानला, तर मॅटच्या फायबरचा ७ ते ८ इतकाच भरतो. पण सपाट फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.९ ऐवजी ३ मिलिमीटर जाडी झाली की जाडी सव्वातीनपट होते आणि तिचा घन सुमारे ३७ पट होतो, त्यामुळे सामग्रीच्या मऊपणाची भरपाई होऊन थोडे वर उरते. २ मिलिमीटरच्या बॉनेटमध्ये ही भरपाई होत नाही. ते वेगात वाऱ्याने थरथरते आणि हात टेकला तरी दबते. म्हणून जाडी ३ ते ४ मिलिमीटरच्या दरम्यान असावी आणि खाली आडव्या-उभ्या बरगड्या हव्यात. फोमच्या पट्टीवर किंवा पुठ्ठ्याच्या अर्ध्या नळीवर मॅट थापून बरगडी करता येते, कारण जोर येतो तो पोकळ आकारामुळे, आतल्या पुठ्ठ्यामुळे नव्हे.

असे बॉनेट बनवून कोण देते?

फायबरचे काम करणारे कारागीर शहरांत पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचे फायबर सारखे नसते. शोभेच्या कमानी आणि देखावे करणारा कारागीर रेझिनमध्ये खडूची भुकटी मिसळून माल वाढवतो. देखाव्याला ते चालते, बॉनेटला चालत नाही. माझा अनुभव असा आहे की कोकण किनाऱ्यावर फायबरच्या मच्छीमार होड्यांचे काम करणाऱ्या माणसाला मॅट, रेझिन आणि जोर यांचे नाते अधिक चांगले समजते, कारण त्याच्या कामाची परीक्षा लाटेवर होते.

साच्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. साचा ज्या बॉनेटवरून काढला, त्याचा प्रत्येक पोचा नव्या बॉनेटमध्ये जसाच्या तसा उतरतो. स्वतःच्या गाडीवरून साचा काढून घेणार असाल, तर जुने बॉनेट आधी लांबी भरून, घासून आणि चकचकीत रंगवून घ्यावे. ते गंजून वाकले असेल, तर चांगल्या स्थितीतले बॉनेट कुणाकडून दोन दिवस उसने मिळते का ते पाहावे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत अशी देवाणघेवाण सर्रास चालते. साचा काढण्याआधी बॉनेटवर मेण नीट चढवले नाही तर उसने आणलेल्या बॉनेटचा रंग निघतो, हे देणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

तयार बॉनेट घेताना काय तपासावे?

ते उलटे करून खालची बाजू उजेडात पाहावी, कारण वरची बाजू जेलकोटमुळे, म्हणजे रेझिनच्या गुळगुळीत बाहेरच्या थरामुळे, नेहमीच देखणी दिसते. खाली पांढुरके, कोरडे डाग असतील तर तिथे मॅट रेझिनने भिजलेली नाही. नाण्याने टकटक करत गेले असता मध्येच आवाज भद्द झाला, तर तिथे थरांमध्ये हवा राहिली आहे. बिजागरीच्या आणि लॅचच्या जागी आत पोलादी पट्टी थापलेली आहे का, हे विचारावे आणि लोहचुंबकाने स्वतः पडताळावे. दोन्ही कर्ण मोजावेत. रेझिनचा उग्र वास अजून येत असेल तर ते ताजे आहे, आणि ताजे बॉनेट अजून आकसणार आहे.

आरटीओच्या दृष्टीने हा बदल चालतो का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. मूळ आकाराचेच बॉनेट दुसऱ्या सामग्रीत बसवणे आणि बॉनेटवर हवा आत घेणारे भोंगे उभारून गाडीचा चेहराच बदलणे, या दोन गोष्टींत मी फरक करतो, परंतु माझे मत रस्त्यावरच्या अधिकाऱ्याला बांधून ठेवत नाही. गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे लेखी विचारणा करून उत्तर जवळ ठेवावे. बॉनेटबरोबर गाडीचा रंगही बदलणार असेल, तर त्याची नोंद निराळी करावी लागते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी काळजी हवी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. त्यांत क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी १० वर्षे टिकते. गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट आहे. अशा नोंदणीचा विचार असेल तर तपासणीच्या दिवशी गाडीवर पत्र्याचे बॉनेट असावे, असे मी सुचवेन. प्रदर्शनांत परीक्षक मूळपणाला गुण देतात आणि बॉनेटवर बोटाची टिचकी मारताच त्यांना सामग्री कळते, हेही ध्यानात ठेवावे.

विमा कंपनीला कळवावे का?

होय, आणि लेखी कळवावे. आपल्याकडील मोटार विम्यात दावा मंजूर करताना सुट्या भागांचा घसारा सामग्रीनुसार वजा होतो. फायबरग्लासच्या भागांना तो ३० टक्के, तर रबर आणि प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के लावला जातो. बिलावर नुसते ‘फायबर बॉनेट’ लिहिलेले असेल तर त्याची गणना प्लास्टिकमध्ये होण्याचा धोका राहतो, म्हणून ‘फायबरग्लास’ असा पूर्ण शब्द लिहून घ्यावा.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे?

सगळ्यांत आधी जुने बॉनेट गाडीवर असतानाच त्याच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, फोटो काढावेत आणि बिजागरीच्या कडेने अणकुचीदार खिळ्याने रेषा ओढावी. ही रेषाच पुढे तुमची मार्गदर्शक ठरते. गाडीचा पुढचा भाग पूर्वी कधी ठोकला गेला आहे का, दोन्ही मडगार्ड सारख्या उंचीवर आहेत का, हेही याच वेळी पाहावे. मडगार्ड वाकडे असताना बॉनेट घासत बसणाऱ्याला शेवटी दोन वाकड्या वस्तू मिळतात.

नवे बॉनेट आणल्यावर ते भिंतीला तिरके टेकवून ठेवू नये. ताजे फायबर स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकते आणि तो वाक नंतर काढणे अवघड असते. दोन लाकडी घोड्यांवर जुनी सतरंजी टाकून, गाडीवर जसे बसते तशाच स्थितीत ते ठेवावे. शक्य असल्यास दोनतीन आठवडे राहू द्यावे आणि दुपारचे ऊन लागू द्यावे.

पहिली जोडणी रंगाशिवाय आणि कोरडी करावी. मडगार्डच्या कडांना मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, बॉनेट दोघांनी मिळून उचलावे आणि बिजागरीचे बोल्ट हातानेच सैलसर लावावेत. आता घाई करू नये. प्रथम काचेकडची फट, म्हणजे काउल (समोरच्या काचेखालचा पत्रा) आणि बॉनेट यांमधली रेषा, एकसारखी करून घ्यावी, कारण ती कड कापून फारसा उपयोग होत नाही आणि बाकी सर्व बाजू तिच्यावर अवलंबून असतात. त्यानंतर डावी-उजवी बाजू आणि सर्वांत शेवटी जाळीकडचे तोंड पाहावे. कड कुठे जास्त असेल तर ती एकदम कापू नये. लाकडी ठोकळ्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून लांब हाताने घासत, दर काही मिनिटांनी बॉनेट बसवून पाहावे. कड कमी पडली तर घाबरण्याचे कारण नाही. आतून मॅटची पट्टी थापून कड वाढवता येते, आणि ही सोय पत्र्यात नाही.

बॉनेट पूर्ण बंद करण्याआधी एअर क्लीनर, रेडिएटरचे झाकण आणि बॅटरीचे टर्मिनल यांवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवावेत, बॉनेट हलकेच टेकवून पुन्हा उघडावे आणि गोळे किती चेपले ते पाहावे. फायबरची जाडी आणि बरगड्या यांमुळे आतली जागा पत्र्यापेक्षा कमी होते. दीड सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरली असेल तर बरगडी सरकवावी, कारण इंजिन आपल्या रबरांवर हलत असते.

या सगळ्यानंतर गाडी रंगाविनाच पंधरा दिवस वापरावी. मी पहिल्या वेळी हा सल्ला मानला नाही. ज्या गॅरेजने काम घेतले होते, त्यांनी बॉनेट आधी रंगवले आणि मग बसवले, आणि मीही सुंदर रंग पाहून गप्प राहिलो. आठवड्याने उजवी कड मडगार्डला घासू लागली, घासून कमी केल्यावर रंग गेला आणि सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागले.

फट किती ठेवावी?

पत्र्याच्या बॉनेटभोवती असते त्याहून एकदीड मिलिमीटर अधिक. कारण उष्णतेचे आहे. मॅटचे फायबरग्लास पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते. १.२ मीटर रुंदीच्या बॉनेटचे तापमान ५० अंशांनी वाढले, तर पत्रा पाऊण मिलिमीटर वाढतो आणि फायबर दीड मिलिमीटरहून थोडे अधिक. जानेवारीच्या सकाळी पुण्यात नेमकी जुळवलेली फट मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात बंद होते ती अशी. म्हणून ४ मिलिमीटरच्या जागी ५ ते ५.५ मिलिमीटर धरावे, आणि अंतिम तपासणी गाडी उन्हात उभी करून, इंजिन तापल्यावर करावी. बोल्टची भोकेही याच कारणासाठी बोल्टपेक्षा एकदोन मिलिमीटर मोठी ठेवतात.

बिजागरी आणि लॅच फायबरमध्ये टिकतात का?

नुसत्या फायबरमध्ये टिकत नाहीत. बोल्टच्या डोक्याखाली सगळा जोर बोटाएवढ्या जागेवर येतो आणि काही महिन्यांत तिथून ताऱ्यासारख्या भेगा फुटतात. बिजागरीखाली किमान २ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी घ्यावी, ती खरखरीत घासून एपॉक्सीने चिकटवावी आणि वरून मॅटच्या दोनतीन थरांनी बांधून टाकावी. दुसऱ्या बाजूला रुंद वॉशर हवा. भोक पाडताना जेलकोटच्या बाजूने, टेप लावून आणि ड्रिल सावकाश चालवून पाडावे. नटाला नायलॉनचे कडे असलेला प्रकार घ्यावा आणि वॉशर हलायचा थांबला की पाना बाजूला ठेवावा. पत्र्यावर ज्या जोराने पाना फिरवायची मेकॅनिकच्या हाताला सवय असते, त्या जोराने फायबर चिरडते.

जिथे बॉनेट वर उचलायला स्प्रिंगा आहेत तिथे एक वेगळीच अडचण येते. त्या जड पत्र्यासाठी बनवलेल्या असतात. हलके बॉनेट बंद केले तरी त्या मागच्या बाजूने ते वर ढकलत राहतात, मधे फुगवटा येतो आणि शेवटी बिजागरीपाशी तडा जातो. स्प्रिंगा काढून साधी टेकणदांडी लावणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

लॅचच्या बाबतीत कसलीही काटकसर नको. काचेच्या बाजूला बिजागरी असलेले बॉनेट धावत्या गाडीत उघडले तर ते थेट समोरच्या काचेवर येते आणि चालकाला काही दिसत नाही. मूळ लॅचसोबत दुसरी सुरक्षा कडीही चालू स्थितीत असायलाच हवी. अनेक जण पुढच्या दोन कोपऱ्यांत बॉनेट पिना किंवा चामडी पट्टा लावतात. दिसायला ते शर्यतीच्या गाडीसारखे दिसते, पण मला त्यात शोभेपेक्षा शहाणपण जास्त वाटते.

स्टँडर्ड हेराल्डचे बॉनेट वेगळे असते, त्याचे काय?

हेराल्ड हा स्वतंत्र अध्याय आहे. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने आखलेल्या या गाडीचे बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइटांसह गाडीचे संपूर्ण नाक आहे, आणि ते पुढच्या बिजागरीवर संपूर्णपणे पुढे कलते. चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते ही मेकॅनिकची चैन आहे. हाच मोठा आकार फायबरमध्ये बनवताना मात्र जिकिरीचा ठरतो. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीच्या मूळ हेराल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांसाठी फायबरची नाके फार पूर्वीपासून बनतात, विशेषतः शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी.

इथे मुख्य तत्त्व असे की, पत्र्याच्या नाकाच्या आतला बिजागरीचा नळीचा सांगाडा फेकून देऊ नये. तो गंजमुक्त करून फायबरच्या नाकात पुन्हा वापरावा. फायबरने फक्त आकार धरायचा आणि भार सांगाड्याने घ्यायचा, अशी वाटणी असली की नाक वर्षानुवर्षे टिकते. जुळणी करताना पुढच्या बिजागरीचे बोल्ट सैल ठेवून नाक मागे-पुढे आणि वर-खाली सरकवावे, मागची कड काउलच्या रेषेला आणली की मगच नाक बंद ठेवणाऱ्या बाजूच्या कड्यांकडे वळावे. कड्या जोराने ओढून नाक जागेवर आणण्याचा मोह होतो. तसे केले तर नाक सतत ताणाखाली राहते आणि चाकाच्या कमानीवरून भेग सुरू होते.

नवे बॉनेट बसवल्यावर हेडलाइट मंद का झाले?

हा प्रश्न हेराल्डवाल्यांकडून हमखास येतो आणि उत्तर एका तारेत आहे. पत्र्याच्या नाकात दिव्यांचा ‘अर्थ’, म्हणजे वीज परत नेणारी जोडणी, नाकाच्या पत्र्याला जोडलेला असतो आणि वीज त्या पत्र्यातून परत जाते. फायबरमधून वीज जात नाही. दिव्यांच्या काळ्या तारा एकत्र करून एक जाड तार थेट चासीपर्यंत किंवा बॅटरीच्या अर्थपर्यंत न्यावी, आणि नाक कलताना ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट लुकलुकत असतील, तर अर्थ सुटला आहे हे वेगळे सांगायला नको.

रेडिओ खरखरू लागला तर त्याचे मूळही इथेच आहे. पत्र्याचे बॉनेट इग्निशनची विद्युत खरखर आत अडवते, फायबर ती बाहेर सोडते. शेव्हरोलेने १९५३ मध्ये फायबरग्लास बॉडीची कॉर्व्हेट आणली तेव्हा याच कारणाने इग्निशनवर धातूचे आवरण बसवावे लागले होते. आपल्याकडे रोधक असलेल्या प्लगच्या तारा लावल्या तरी बहुतेक काम भागते.

इंजिनाच्या उष्णतेने फायबर वितळेल का?

वितळत नाही, पण मऊ पडू शकते. साधे पॉलिएस्टर रेझिन ६० ते ७० अंशांच्या आसपास ताठरपणा गमावू लागते, आणि गडद रंगाच्या बॉनेटचा पृष्ठभाग उन्हाळ्यात तितका सहज तापतो. खालून एक्झॉस्टची धग आली की मधोमध खोलगट किंवा फुगीर लाट दिसू लागते. कारागिराला आयसोफ्थॅलिक प्रकारचे रेझिन वापरायला सांगावे. ते थोडे महाग असते, पण उष्णता अधिक सोसते. एक्झॉस्टच्या वरच्या भागात अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले उष्णतारोधक अस्तर चिकटवावे. काळ्या रंगाचा हट्ट असेल तर आधी चार वेळा विचार करावा. फिकट रंगाखाली फायबर सुखी राहते.

आगीच्या बाबतीत मात्र गंभीर व्हायला हवे. पत्रा जळत नाही, पॉलिएस्टर जळते आणि दाट काळा धूर सोडते. फायबरचे बॉनेट बसवण्याच्या निमित्ताने कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात आणि गाडीत हाताच्या अंतरावर अग्निशामक नळकांडे ठेवावे.

रंग कसा द्यावा?

फायबरवर रंग टिकत नाही अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा साच्यावरचे मेण असते. साच्यातून सुटावे म्हणून लावलेले मेण आणि पीव्हीए, म्हणजे त्याच कामाचा पाण्यात विरघळणारा पापुद्रा, बॉनेटवर उरते. पीव्हीए कोमट पाण्याने आणि साबणाने निघते, मेणाला मेण-तेल काढणारे द्रावण लागते. घासण्याआधीच हे करावे, नाहीतर पॉलिश पेपर तेच मेण ओरखड्यांत दाबून बसवतो. मग ३२० नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासावे, पण जेलकोट पार करून मॅटपर्यंत जाऊ नये. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे चूक व्हायला फार वेळ लागत नाही. सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर ती टोकरून मोठी करावीत आणि लांबीने भरावीत, कारण नुसत्या प्रायमरने ती झाकली जात नाहीत, उन्हात आतली हवा पुन्हा वर येते. त्यानंतर एपॉक्सी प्रायमर, त्यावर सर्फेसर आणि शेवटी दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग असा क्रम ठेवावा. भट्टीत सुकवायचे असेल तर तापमान ६० अंशांच्या खाली ठेवण्यास पेंटरला बजावावे.

रंग दिल्यानंतर काही महिन्यांनी मॅटच्या तंतूंची जाळी वर उमटली, तर बॉनेट पुरते आकसण्याआधीच रंगवले गेले, असा त्याचा अर्थ होतो.

तडा गेल्यास डेंटरकडे न्यावे का?

हातोडीचा इथे उपयोग नाही. तडा फक्त जेलकोटमध्ये आहे की आरपार, हे आधी खालून पाहावे. वरवरचा असेल तर तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा खणून लांबी किंवा जेलकोट भरावा. आरपार असेल तर खालच्या बाजूने तड्याच्या दोन्हीकडे चारपाच सेंटिमीटर खरखरीत घासून मॅटचे दोनतीन थर थापावेत आणि मगच वरून भरणी करावी. नुसते वरून भरलेले तडे पहिल्या खड्ड्यात पुन्हा उघडतात. तोच तडा त्याच जागी परत येत असेल तर तिथे बोल्ट आवळला गेला आहे, रबरी बफर नाही किंवा बरगडी कमी आहे, असा शोध घ्यावा.

हे काम घरी करता येईल का?

जोडणी आणि घासकाम नक्कीच करता येईल. फायबरची धूळ त्वचेत बोचते आणि श्वासातून आत जाते, म्हणून मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, आणि घासकाम शक्यतो पाणी लावून करावे. रेझिन हाताळणाऱ्याने एक गोष्ट कधीही विसरू नये : हार्डनर, म्हणजे एमईकेपी, आणि रेझिन लवकर पिकवणारे कोबाल्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळायचे नसतात, त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा, किंवा कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन विकत घ्यावे. हार्डनरचे प्रमाण किलोला १० ते २० ग्रॅम. तो डोळ्यात उडाल्यास कायमची इजा होऊ शकते, म्हणून ताबडतोब भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात काम काढावे का?

काढू नये. मॅट हवेतील ओल धरते, रेझिन नीट पिकत नाही आणि रंगाखाली फोड येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम.

जुन्या पत्र्याच्या बॉनेटचे काय करावे?

भंगारात देऊ नये, मग ते कितीही कुजलेले असो. त्याची चिन्हे, पट्ट्या, लॅच आणि बिजागऱ्या पुन्हा मिळणाऱ्या नाहीत, आणि पुढे कधी कुणी कारागीर नवा पत्रा ठोकून द्यायला तयार झाला, तर कडेची वळणे मोजायला त्याला हाच नमुना लागेल. सुटा गंज खरवडून काढावा, दुमडीत पातळ तेल सोडावे, एका बाजूला गाडीचा चासी क्रमांक खडूने लिहावा आणि जमिनीपासून वर, कोरड्या भिंतीवर दोन रुंद पट्ट्यांनी टांगून ठेवावे. दर पावसाळ्यानंतर एकदा उतरवून पुन्हा तेल द्यावे.